बॅटरीवाल्या चाचांना, गोसीखुर्द धरणाच्या काठावरून

चाचा, सलाम.

तुमचं दुकान ट्रॅक्टर-जीपच्या बॅटऱ्यांचं. बोटीशी तुमचा काही संबंध नाही. तरी आमच्या मच्छीमार संस्थेच्या, विजेच्या मोटरवर चालणाऱ्या बोटीची बॅटरी सारखी उतरते, नवीनच द्या, असं म्हणत आम्ही आलो, तेव्हा तुम्ही आधी हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी, काढला. सहाही खान्यांचं पाणी एकेक करून ओढून पाहिलं. सगळीकडे रीडिंग ११८० च्या आसपास, म्हणजे कमी. "बेटी, एकच खाना पडला असता तर बॅटरी गेली म्हटलं असतं. हे तर सारेच सारखे खाली आहेत. ही मेली नाही, उपाशी आहे." रात्रभर कमी करंटवर चार्जिंगला ठेवलीत आणि सकाळी रीडिंग १२५० च्या वर गेलं. नव्या बॅटरीचे पैसे तुम्हाला सहज मिळाले असते, चाचा. संस्थेतल्या प्रत्येकाला हे माहीत आहे.

त्यावर तुम्ही थांबला नाहीत, घाटावर आलात. बोट आली तेव्हापासून बॅटरीची पेटी पावसासाठी घट्ट बंद होती. तुम्ही झाकण उघडायला लावलं आणि वरच्या बाजूला जाळी बसवून घेतली. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेपेक्षा हलका, तो वरच साचतो. हवेत ४ टक्के झाला तरी एका ठिणगीचं निमित्त पुरतं. आता आमच्याकडे पेटीजवळ कोणी बिडी पेटवत नाही, म्हातारे मेंबरसुद्धा.

फ्यूजचं तर मी कधीच विसरणार नाही. बोटीला फ्यूजच नव्हता. आपल्या बॅकवॉटरला जलपर्णी किती, तुम्ही पाहिलीच. ती पंख्याला गुंडाळली की मोटर जास्त करंट ओढते, वायर तापते, आणि पाण्याच्या मधोमध आग लागली तर पळायचं कुठे? तुम्ही प्लसच्या टर्मिनलपासून वीतभराच्या आत फ्यूज बसवला, तोही वायरीच्या जाडीचा हिशेब करून. परवा माझा दीर जाळी काढायला गेला होता, पंखा जलपर्णीत अडकला आणि फ्यूज उडाला. त्याने वल्ह्याने बोट काठाला आणली. सासूबाईंनी तेव्हाच सांगितलं, चाचांना चिठ्ठी लिही म्हणून.

बाकीचं आम्ही नेमानं पाळतो. बोट आल्यावर बॅटरीला थोडा वेळ विसावा देऊन मीटर लावतो. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ ला आलेली म्हणजे अर्धी, मग तिला त्याच दिवशी चार्जिंग. १०० अँपिअर-अवरची बॅटरी, मोटर २५ अँपिअर ओढणारी, त्यातली अर्धीच वापरायची, म्हणजे हिशेबाने दोन तास. पूर्ण जोरात चालवली तर त्याहून कमी. परतीचं अंतर हे गणित धरूनच ठरवतो. बोअरचं पाणी खान्यात घालत नाही, फक्त डिस्टिल्ड, तेही चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या दिसल्या तरच आधी, प्लेटा बुडतील एवढं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला की पाणी भराभर आटतं, म्हणून तेव्हा दर आठवड्याला झाकणं उघडून पाहतो.

पान्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळून तुम्ही तो माझ्या हातात दिला होता, दोन्ही टर्मिनलला एकदम टेकू नये म्हणून. आणि म्हणालात, सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. आता संस्थेच्या बायका ते काम करतात. टर्मिनलवर पांढरं चढलं की खाण्याच्या सोड्याचं पाणी, पण ते खान्यात जाऊ द्यायचं नाही. मग पुसून व्हॅसलीन. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय मी कुणाला हात लावू देत नाही.

एक विनंती आहे. लग, म्हणजे टर्मिनलला जोडायचा वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा, दाबून बसवायचं काम अजून आम्हाला नीट जमत नाही, वायर ओढली की निसटते. पोळ्याच्या आधी एक दिवस काढा. जेवण आमच्याकडे, आणि येण्या-जाण्याचा खर्च संस्था देईल, त्याला नाही म्हणू नका.

तुमची बेटी,
संस्थेची सचिव