आई, रस्सा जरा बेतानेच वाढ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी बातमी सांगते, म्हणजे बाबांना हसून घेता येईल. मी परत चिकन खायला लागले आहे. चार वर्षं मी व्हीगन होते, म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध सगळं बंद; आईने माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं, बिनदुधाचा चहा केला आणि बाबा, तुम्ही एकदाही टोकलं नाहीत. तेव्हा हसायचा हक्क तुम्हाला आहेच.

झालं असं, की रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघालं. वनस्पतींतून ते मिळत नाही, व्हीगन माणसाला गोळ्या किंवा वरून बी-१२ घातलेले पदार्थ घ्यावेच लागतात, आणि मी गोळ्या आठवल्या तर घ्यायची. यकृतातला जुना साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे आपलं झकास चाललंय असंच वाटत राहिलं. खरं सांगायचं तर गोळ्या नेमाने घेऊनही भागलं असतं. पण इतकं काटेकोर राहायचा मलाच कंटाळा आला होता.

भीती होती ती वजनाची. आणि पहिल्याच आठवड्यात काटा सव्वा किलोने वर! रात्रभर झोप नाही. मग शांतपणे हिशेब केला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. सव्वा किलो चरबी चढायला आठवड्याभरात नेहमीच्या जेवणावर एकूण साडेनऊ हजारांच्या वर जास्तीच्या खाव्या लागतील; तेवढं मी कुठलं खाते! तयार, खारवलेलं चिकन आणलं होतं, त्या मिठाने अंगात पाणी धरलं होतं. शिवाय पोट साफ होत नव्हतं, कारण मांसात चोथा (फायबर) अजिबात नसतो आणि त्या नादात मी भाज्या कमी केल्या होत्या. पुढच्या दहा दिवसांत वजन बरंचसं उतरलं.

बरंचसं, सगळं नाही. उरलेलं माझ्या हाताने आलेलं. कडधान्याची वाटी तशीच ठेवून मी तिच्या बाजूला चिकन वाढून घेत होते, आणि वर तेलाचा तवंग. कातडी काढलेलं, शिजवलेलं छातीचं चिकन १०० ग्रॅम घेतलं तर सुमारे १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम प्रथिनं. एक मोठा चमचा तेल १२० कॅलरीचं! म्हणजे जाड करतो तो रस्सा, बिचारी कोंबडी नाही.

आता आठवड्यातून तीनदा, तळहाताएवढा तुकडा. त्या दिवशी कडधान्य निम्मं, भाजी मात्र पूर्ण. सुरुवात अंडी आणि मासे यांनीच करायला हवी होती, हे उशिरा सुचलं. बाबा, ‘पोट मांस विसरतं’ असं तुम्ही म्हणायचात ना? तसं नसतं. डाळीतली प्रथिनं पचवणारे रसच मांसही पचवतात. मला जड गेलं ते तेल आणि एकदम भरपूर खाणं.

पुढच्या महिन्यात येते आहे. आई, मला माहीत आहे, तू त्या दिवशी मेजवानी मांडशील. नको. एकच तुकडा वाढ, आग्रह करू नकोस. तू आग्रह केलास की मला नाही म्हणता येत नाही. बाबांच्या ताटातही कातडी नको, ते कितीही डोळे वटारोत.

आणि माझा बिनदुधाचा चहा तसाच राहू दे. तो आता मला मनापासून आवडतो.

तुमची लेक