गाडीचं इंजिन बंद केलंत, त्याबद्दल

दादा,

मॉरिशसला आमची गाडी तुम्ही चालवलीत. तुम्हाला मराठी येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र मराठीतच लिहितेय. तुमच्या घराशेजारी मराठी कुटुंब राहतं, गणपतीच्या सुट्टीला तुम्ही त्यांच्याकडे प्रसादाला जाता आणि रात्री त्यांची झाकरी बघायला थांबता, हे तुम्हीच आईला सांगितलं होतं. झाकरी म्हणजे आमच्या कोकणातला जाखडी नाच, हे कळल्यावर आई कितीतरी वेळ त्यावरच बोलत होती. मॉरिशसच्या शाळांत अजून मराठी शिकवतात. तेव्हा शेजारच्या एखाद्या मुलीला बसवा आणि हे वाचून घ्या. विमानतळावर निरोप घेताना मी 'थँक यू' म्हणाले होते, पण मला जे म्हणायचं होतं त्यातलं काहीच त्यात आलं नव्हतं.

हे आणखी कुणी वाचत असेल, तर त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझी आई ७४ वर्षांची आहे. काचबिंदूने गेल्या सहा वर्षांत तिची नजर हळूहळू नेली. आता तिला उजेड-अंधार कळतो, खिडकी कुठे आहे ते कळतं, समोर कुणी उभं असेल तर एक काळपट सावली दिसते. बाकी काही नाही. बाबा असताना दोघांनी पासपोर्ट काढून ठेवले होते आणि ते तसेच कोरे राहिले. बाबा गेल्यावर वर्षभराने आई म्हणाली, एकदा समुद्र ओलांडून जाऊन येऊ. घरातल्या जवळजवळ सगळ्यांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "तिला काय दिसणार आहे तिकडं?"

आम्ही मॉरिशसला गेलो, आणि पहिल्या दोन दिवसांत तोच प्रश्न पैसे देऊन विकत घेतल्यासारखं झालं. सहलीबरोबर बसने फिरणं होतं. शामारेलला बस थांबली. तिथली सात रंगांची माती बघायला जगभरातून लोक येतात. ज्वालामुखीचा खडक झिजून झिजून त्याची माती झाली, त्यातल्या लोखंडाचे आणि ॲल्युमिनियमचे अंश वेगळे होत गेले, म्हणून लाल, तपकिरी, जांभळा असे पट्टे पडलेत. आई उठायला लागली तर सोबतचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, आजींना रंग थोडेच दिसणार आहेत? त्यांना बसू द्या, मी एसी चालू ठेवायला सांगतो." तो हे मला म्हणाला, आईला नाही. आई हातभर अंतरावर होती. ती परत खाली बसली आणि म्हणाली, "जा गं तू, बघून ये."

मी उतरले. हे मला लिहायलाच हवं, कारण राग फक्त त्या माणसावर काढून भागणार नाही. मी उतरले, कठड्याशी उभी राहिले, फोटो काढले. चाळीस मिनिटांनी परत आले तेव्हा बंद काचांच्या आत, घरघरणाऱ्या इंजिनाच्या आवाजात आई मांडीवर हात ठेवून बसली होती. तिने विचारलं, "कसं हुतं रंग?" मला सांगता येईना. गंगा तलावावरही तेच झालं. १०८ फुटी महादेवाच्या पायाशी बस थांबली, दार उघडलं तेव्हा उदबत्तीचा वास आत आला आणि आईने तिथेच, सीटवर बसून हात जोडले. त्या रात्री मी हॉटेलवर सांगून टाकलं, उद्यापासून बस नको, आम्हाला आमची आमची एक गाडी द्या.

आणि सकाळी तुम्ही आलात.

मला वाटलं होतं, आता पुन्हा सगळं समजावून सांगावं लागणार. गेली सहा वर्षं मी हेच करतेय. दवाखान्यात, बँकेत, लग्नकार्यात लोक आईबद्दल मला विचारतात. यांना चहा चालतो का, यांना पंख्याखाली बसवू का, यांचं नाव काय. नजर गेली की माणसाचे कानही गेले आणि जीभही गेली, असं लोक धरून चालतात. तुम्ही गाडीतून उतरलात, मला नुसती मान हलवून नमस्कार केलात आणि सरळ आईसमोर जाऊन म्हणालात, "मौसी, आपको क्या अच्छा लगता है?"

आई गोंधळली. असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग तिच्या त्या कोल्हापुरी हिंदीत म्हणाली, "वास. और आवाज." तुम्ही म्हणालात, ठीक आहे, मग आज आपण वेगळ्या रस्त्याने जाऊ. माझ्या हातात छापलेला कागद होता, त्यात दिवसभराची ठिकाणं होती. तो तुम्ही बघितलाही नाही.

तुम्ही तिचा दंड धरून तिला ओढलं नाहीत. आपलं कोपर तिच्या हाताशी नेलंत, तिला धरू दिलंत आणि अर्धं पाऊल पुढे चाललात. हे किती कमी लोकांना कळतं! रस्ता ओलांडताना लोक पुण्य मिळवायच्या घाईत तिला असं फरफटत नेतात की ती दोनदा पडली आहे. तुम्ही हे कुठे शिकलात, ते विचारायचं राहून गेलं.

पँपलमूसच्या बागेत सगळे जण त्या परातीएवढ्या पानांच्या कमळांच्या तळ्याकडे धावत होते. तुम्ही आधी आम्हाला झाडांखाली नेलंत. अठराव्या शतकात पिएर प्वाव्र नावाच्या फ्रेंच माणसाने डचांच्या पहाऱ्यातून लवंगेची आणि जायफळाची रोपं मिळवून या बेटावर आणली, ती गोष्ट सांगत सांगत तुम्ही एकेक पान चुरडून आईच्या हातात देत होतात. दालचिनी तिने लगेच ओळखली. कापूर ओळखला. एका पानावर अडली, बराच वेळ नाकाशी धरून उभी राहिली, आणि तुम्ही उत्तर सांगायची घाई केली नाहीत. लवंग म्हटल्यावर तुम्ही टाळी वाजवलीत. पँपलमूस म्हणजे पपनस, हे कळल्यावर ती म्हणाली, "मग सरळ पपनसाची बाग म्हणा की!" तिला असं मोठ्याने हसताना मी फार दिवसांनी ऐकलं.

तरी माझे आभार मुख्यतः याबद्दल नाहीत. हे सगळं एखाद्या चांगल्या, हुशार माणसाला सुचू शकतं. ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट पाच-सात मिनिटांची आहे, आणि कदाचित तुमच्या लक्षातही नसेल.

आपण दक्षिणेकडे निघालो होतो. सुयाकच्या अलीकडे दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. तुमच्या इथे तो थंडीचा महिना, जुलै. खिडकी आईने थोडी उघडी ठेवली होती. ती एकदम ताठ बसली आणि म्हणाली, "थांब थांब, ऊस हाय की गं हितं!" ती मराठीत, माझ्याशी बोलत होती. तुम्हाला शब्द कळले नसणार. आरशात तुम्ही तिचा चेहरा बघितलात, पुढची वळणाची जागा पाहून गाडी कडेला घेतलीत आणि इंजिन बंद केलंत.

बस्स, एवढंच.

एसी थांबला, घरघर थांबली आणि पहिल्यांदा त्या बेटाचा आवाज गाडीत आला. समुद्रावरून येणारा वारा उसातून जात होता. आमच्या गावाकडे, पन्हाळ्याच्या पायथ्याला, हा आवाज आई लग्न होऊन आल्यापासून ऐकत आली आहे. डोळे मिटून, म्हणजे तिच्या सवयीने मान जरा वाकडी करून ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुरा आलाय. कोरडा वाजतोय. तोडीला आलाय हा." मी बाहेर बघितलं, तर खरंच सगळ्या रानावर रुपेरी तुरे डोलत होते. मी ते मघापासून बघत होते आणि मला काहीच कळलं नव्हतं. तिचं हिंदीत सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, बरोबर, आमच्याकडे तोड आत्ताच सुरू होते, वर्ष संपेपर्यंत चालते. आईला नवल वाटलं. आपल्याकडे पेरणी-लावणीची धांदल आणि इथे उसाची तोड!

तुम्ही उतरलात, तिला कोपर दिलंत. तिने पान चिमटीत धरून उलट्या बाजूने बोट फिरवलं, धार बघितली. मग तुम्ही दोन पावलं पुढे नेऊन तिचा हात एका दगडावर ठेवलात. रानात मधेमधे काळ्या दगडांचे मोठाले ढीग होते, बसमधून मला ते पडकी देवळं वाटले होते. आईने तळवा फिरवला, खडबडीत भोकं चाचपली आणि म्हणाली, "हा आपलाच दगड हाय." खरंच आहे ते. तुमचं बेट आणि आमचा सह्याद्री, दोन्ही लाव्ह्याचे, दोन्हीकडे तोच काळा बसाल्ट.

तेव्हा तुम्ही सांगितलंत की हे ढीग कुणी रचले. १८३४ पासून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, आणलेली माणसं, जवळजवळ पाच लाख, त्यांनी आणि त्यांच्याआधी गुलामांनी ही रानं हाताने दगड वेचून मोकळी केली. तुमच्या पणजोबांचे वडील बिहारकडून आले होते. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आईने विचारलं, "आजारी पडलं तरी?" तुम्ही म्हणालात, "आजारी पडलं तरी." ती काही बोलली नाही. दुसराही हात तिने दगडावर ठेवला आणि तशीच उभी राहिली.

तुम्ही घड्याळ बघितलं नाहीत, मोबाइल काढला नाहीत, "चलें?" म्हणाला नाहीत. मी मात्र मनातल्या मनात पुढचं ठिकाण मोजत होते. आई स्वतःहून वळली तेव्हा आपण निघालो.

त्यानंतर ग्री ग्रीचा कडा झाला. बेटाच्या जवळजवळ सगळ्या बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे, तिथे ती तुटली आहे, म्हणून समुद्र थेट खडकावर आपटतो. पायाखालची जमीन हादरते, हे आईने मला सांगितलं, मी तिला नाही. संध्याकाळी ल मॉर्न डोंगराखालच्या किनाऱ्यावर उलटं. भिंतीच्या आतलं पाणी इतकं शांत की लाट ऐकायला कान द्यावा लागत होता, आणि वर सुरूच्या झाडांतून वारा, अगदी कोकणातल्या किनाऱ्यासारखा. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला शिपाई आले, पण पळून त्या डोंगरावर लपलेल्या गुलामांना वाटलं धरायलाच आलेत, म्हणून त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिकडचे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत. ती कहाणी तुम्ही आवाज खाली आणून सांगितलीत. आईला आवाज कळतात. हॉटेलवर आल्यावर म्हणाली, "त्या पोरानं ती गोष्ट कुठंतरी सोसल्यागत सांगितली."

मी नोकरीत तीस वर्षं माणसांशीच वागत आले. सौजन्य शिकवणाऱ्या कार्यशाळांना बसलेय, नंतर मीच घेतल्यात. हसून बोला, नावाने हाक मारा, तक्रार पूर्ण ऐकून घ्या. यातलं खोटं काही नाही. पण भलेपणा म्हणजे आपण काहीतरी जास्तीचं करून दाखवणं, असं त्यात कुठेतरी धरलेलं असतं. त्या बसवाल्याने जास्तीचंच केलं होतं. एसी चालू ठेवला होता आणि त्याला ते औदार्य वाटलं असणार. तुम्ही होतं तेही बंद केलंत. समोरच्या माणसाला काय हवंय ते आधी बघायचं आणि मग आपला आवाज थांबवायचा, हे मी इतक्या वर्षांत कुणाला शिकवलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. आता आईबरोबर कुठेही गेले की आधी तिला विचारते. बँकेत कुणी माझ्याकडे बघून तिच्याबद्दल विचारलं की मी गप्प राहते. थोडा वेळ जातो, मग त्यांना वळावंच लागतं.

घरी आल्यावर लोक भेटायला आले. तोच प्रश्न, जरा गोड करून: "काय काकू, काय बघितलंत मॉरिशसला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आईच सुरू झाली. दालचिनीचं पान, पपनसाची बाग, पायाखाली हादरणारा कडा, उसातले दगड आणि ते कुणी वेचले ते, दोन दिवसांच्या पगारासकट. समोरचे तासभर हलले नाहीत. त्यातले दोघे स्वतः मॉरिशसला जाऊन आलेले होते, आणि त्यांना उसातले ढीग आठवतही नव्हते.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही, तुम्हाला अवघड वाटेल. पण शेजारची मुलगी हे वाचत असेल तर तिला कळेल की हे कुणाबद्दल आहे.

आई शेजारी बसली आहे. हे सगळं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढं लांबड कशाला लावलंस. तुम्हाला तिचा एकच निरोप आहे आणि तो जसाच्या तसा लिही म्हणाली: "मावशीनं इचारलंय म्हणावं, त्या रानातला ऊस तुटला का, आणि खोडवा ठेवलाय का नवीन लावण केलीया. तेवढं कळीव."