पाणी नको, वाळू बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गुरुवारच्या अंकात आमच्या भागातल्या जलतरण तलावाची बातमी आहे. पाणी हिरवट झाले, मुलांचे डोळे चुरचुरले, म्हणून तलाव आठ दिवस बंद ठेवून सगळे पाणी बदलणार म्हणे. याच तलावाच्या पंपरूममध्ये मी 27 वर्षे काढली आणि 2019 मध्ये निवृत्त झालो, म्हणून चार शब्द लिहितो.

तलाव 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद. सरासरी खोली दीड मीटर धरली तरी पावणेपाच लाख लिटरच्या घरात पाणी होते. दहा हजारांच्या टँकरने मोजाल तर 47 टँकर. इकडे आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो. आणि एवढे करून नवे पाणी वाळूच्या त्याच दोन फिल्टरमधून फिरणार असेल, तर पंधरा दिवसांत पुन्हा हाच रंग येईल.

मागच्या आठवड्यात नातीला सहाच्या बॅचला सोडायला गेलो होतो. काठावर उभे राहून खोल बाजूच्या तळाची जाळी शोधली, दिसली नाही. आमच्या वेळी नियम साधा होता: काठावरून त्या जाळीच्या पट्ट्या मोजता आल्या नाहीत तर बॅच सोडायची नाही. साहेबांचा फोन आला तरी नाही. पोर बुडताना ओरडत नाही, गुपचूप खाली जाते. तळच दिसत नसेल तर जीवरक्षकाने बघायचे काय?

पंपरूमचा दरवाजा उघडा होता, जुन्या सवयीने आत डोकावलो. ठेकेदाराचा मुलगा फिल्टरचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, काटा 0.8 वरच आहे, फिल्टर एकदम साफ." त्या पोराचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलेलेच नाही. फिल्टरमध्ये घाण साठत गेली की दाब चढतो. साफ असताना 0.8 असेल तर 1.3 च्या आसपास गेल्यावर बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुवायची, हे खरे. पण गर्दीच्या दिवसांत काटा हलतच नसेल तर ती आनंदाची गोष्ट नव्हे. माणसांच्या अंगावरचे तेल, क्रीम, घाम वाळूत मुरतो. वाळूची ढेकळे होतात, मधून बिळे पडतात आणि पाणी वाळूतून न जाता त्या बिळांतून सरळ निघून जाते. दाब वाढणार कुठून? काटा खाली, पाणी गढूळ, असे दिसले की झाकण उघडून वाळू बघायची.

ही वाळू शेवटची बदलली 2014 च्या दिवाळीनंतर. मला आठवते, कारण गोण्या मीच मोजून घेतल्या होत्या. खालच्या गोट्यांसकट दोन्ही फिल्टरना मिळून 50 किलोच्या साठ. पाच ते सात वर्षांत ती बदलावी असे आम्हाला शिकवले होते. हिशेब ज्याचा त्याने करावा.

दुसरी गोष्ट व्हॅक्यूमची, म्हणजे तळाचा गाळ पाइपने ओढून घेण्याची. मी विचारले, तर व्हॅक्यूमचा होज पाइप गेल्या पावसाळ्यात फाटला तो फाटलाच आहे. त्याच्या जागी आता लांब दांड्याचा ब्रश फिरवतात. ब्रशने भिंतीचे शेवाळ सुटते, पण तळाचा गाळ फक्त उठतो आणि दुपारपर्यंत परत खाली बसतो. आम्ही रात्री नऊची बॅच संपली की तुरटी बादलीत विरघळवून पाण्यावर सगळीकडे सोडायचो, थोडा वेळ पंप फिरवून बंद करायचो. पहाटे साडेचारला तळावर राखाडी गोधडी अंथरल्यासारखा गाळ दिसायचा. मग पाइप पाण्याने पूर्ण भरून घ्यायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. आत हवा राहिली की पंप पाणी ओढायचे सोडतो आणि सकाळ वाया जाते. पाइप भिंतीतल्या सक्शनला जोडायचा आणि उथळ बाजूकडून सुरुवात करून, ओळीला ओळ लावून, नांगर चालवावा तसे सावकाश जायचे. झाडू मारल्यासारखी घाई केली की ढग उठलाच समजा. हा तुरटीचा गाळ फिल्टरमध्ये घ्यायचा नाही, वॉल्व्ह फिरवून थेट गटाराला सोडायचा. वॉल्व्हला हात लावण्याआधी पंप बंद, हे वेगळे सांगायला नको, पण आजकाल तेही सांगावे लागते.

पंपाच्या तोंडाशी केस-धागे अडवणारी जाळी असते. ती रोज काढून धुवायची. मी डोकावलो तेव्हा तिच्यात केसांचा पुंजका, एक बँडेड आणि राखी होती. राखी! आणि हे दिवस एप्रिलचे.

आता डोळ्यांचे. लोक म्हणतात क्लोरीन जास्त झाले. बहुतेक वेळा उलटे असते. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की जे तयार होते ते डोळ्यांना झोंबते आणि त्याचाच तो उग्र वास. गाळ उपसायचा सोडून वरून टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, गोणी ओतली की सामू (पीएच) चढतो, क्लोरीनचा जोर कमी होतो आणि पावडरीतल्या चुन्याने पाणी आणखी दुधाळ दिसते. नोंदवहीत मात्र क्लोरीन रोज "योग्य". सगळा महिना एकाच शाईत, एकाच हाताने. हे मला लांबूनही कळते. कधीकाळी मीही दोन-चार दिवसांचे एकदम लिहिले आहे, खोटे का बोलू.

पाणी वाचवायचे म्हणून बॅकवॉश बंद केला, असेही कानावर आले. एका फिल्टरला तीन-चार मिनिटांत अडीच-तीन हजार लिटर जातात. ते पाणी टाकीत दोन दिवस ठेवून क्लोरीन उडाले की शेजारच्या बागेला चालते, आम्ही देत होतो.

तेव्हा विनंती एवढीच. 47 टँकर मागवण्याआधी दोन्ही फिल्टरची झाकणे उघडून आत हात घालून बघा. नवा होज पाइप घ्या. आणि तलाव रिकामा करायचाच असेल तर निदान पावसाच्या तोंडावर करू नका, जमिनीतले पाणी वर चढले की रिकाम्या तलावाच्या फरश्या उचलल्या जातात. झाकणाचे बोल्ट गंजले असतील, 24 चा पाना लागेल. माझ्याकडे आहे.

नाव छापू नये, माझा भाचा अजून तिथेच नोकरीला आहे.

– एक निवृत्त पंप ऑपरेटर