विषय: नोंदणी फॉर्मला 'गजानन' हे नाव चालत नाही

प्रति,
व्यवस्थापक महोदय,

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवला. म्हणून हे लेखी.

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासद नोंदणीत 'कमल' सेव्ह होतं, 'गजानन' टाकलं की 'कृपया वैध नाव भरा'. आडनावात 'भगत' चालतं, 'मडावी' नाही. कारण तुमच्याच रेजेक्समध्ये, म्हणजे नाव तपासायच्या नमुन्यात आहे. त्यात पी-एल (अक्षरं) घेतलं, पी-एम (खुणा) सोडलं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार युनिकोडच्या (संगणकातल्या लिप्यांच्या मानकाच्या) हिशोबात अक्षरं नाहीत, खुणा आहेत. त्या पी-एममध्ये येतात. तुमचं सॉफ्टवेअर ज्या लाराव्हेल चौकटीवर उभं आहे, तिचा नाव तपासायचा तयार 'अल्फा' नियम दोन्ही धरतो. तो सोडून तुम्ही घरचा लावला. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, काल नाही आली. आम्ही कोडला हात लावला तर वॉरंटी जाते, हे कलमही तुमचंच.

हे सगळं सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणाला, "सर, कॅशे क्लिअर करा." केली. "ब्राउझर बदला." बदलला. "खेड्यात नेटचा प्रॉब्लेम असतो सर." नेट नसतं तर 'कमल' कसं सेव्ह झालं बाप्पा? मग जरा थांबून म्हणतो, "सर, काना काढून पाहा ना." म्हणजे गजनन! सातबाऱ्यावर गजानन, आधारवर गजानन, पासबुकावर गजानन, अन् तुमच्याकडे गजनन. मग कापसाचे पैसे कोणाच्या खात्यात जातील? तर म्हणे, "ते बँकेचं आहे, आमच्या स्कोपमध्ये नाही." शेगाव ज्या मुलखात आहे तिथं गजानन अवैध. धन्य आहे.

दुसरं, 'पतीचे नाव (ऐच्छिक)' रिकामं ठेवलं की फॉर्म अडतो. लाराव्हेल रिकाम्या रकान्याचं नल (काहीच नाही) करतो, नियमात नलेबल (रिकामं चालेल) लिहावं लागतं, हे तुम्हाला मी शिकवायचं? सपोर्टनं सांगितलं, डॅश टाका. डॅशही 'वैध नाव' नाही! एका विधवा बाईसमोर हा खेळ चालला होता.

कापूस घरात यायला लागला. पोडावरून (आदिवासी वस्तीवरून) आलेल्या आत्राम, टेकाम, मडावी सगळ्या बाया मजुरी बुडवून आल्या अन् तशाच परत गेल्या. काना काढा म्हणे.

दोन्ही नियम सर्व्हरवर दुरुस्त होईपर्यंत एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) हप्ता मिळणार नाही. दारव्हा-दिग्रसकडच्या कंपन्यांना तुमचं नाव मीच सुचवलं होतं. त्यांचे करार अजून व्हायचे आहेत, अन् उद्या सकाळी मी त्यांना फोन लावणार आहे.

संचालक,
शेतकरी उत्पादक कंपनी,
ता. आर्णी, जि. यवतमाळ