विजयदुर्ग पाहताना गिर्येची गोदी का वगळता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक वारसा यादीत २०२५ साली समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार किल्ले समुद्राशी नाते सांगणारे आहेत. या निमित्ताने आमच्या अचलपूर तालुक्यातील शाळेची सहल विजयदुर्गला गेली आणि तिथे जे पाहायला मिळाले नाही, त्याविषयी हे पत्र आहे.

आमच्या मुलांना ठाऊक असलेला किल्ला म्हणजे गाविलगड. दरवाजे, बुरूज आणि तळी पाहिली की गड पाहून झाला, ही त्यांची समजूत विजयदुर्गलाही कायम राहिली, कारण सहलीच्या कार्यक्रमात तिहेरी तटबंदीच्या पुढे काही नव्हतेच. वास्तविक हा आंग्र्यांच्या आरमाराचा तळ होता आणि त्याचा कारखाना वाघोटण खाडीच्या काठी, गिर्ये येथे खडक फोडून केलेल्या सुमारे साडेतीनशे फूट लांब गोदीत होता. भरतीच्या पाण्याबरोबर गलबत आत घ्यायचे, पाणी उतरल्यावर ते कोरडे पडले की तळाला चिकटलेली कालवे खरवडायची, फळ्यांच्या फटी बुजवायच्या आणि पुन्हा भरतीलाच ते बाहेर काढायचे, अशी ही रीत होती. ज्यांनी भरती-ओहोटी कधी पाहिलेलीच नाही, त्या मेळघाटाच्या पायथ्याच्या मुलांना हे पुस्तकातून कसे समजावे? ही जहाजे ज्या सागवानाची बनत, ते मात्र ती लगेच ओळखतात.

हा तळ पडला, तोही आरमारामुळेच. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह चालून आले, तेव्हा एकमेकांना बांधून ठेवलेल्या तुळाजी आंग्र्यांच्या जहाजांपैकी एकावर तोफगोळा पडला आणि आग पसरत जाऊन जवळजवळ सगळे आरमार जळाले. त्यानंतर किल्ला फार काळ टिकला नाही. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, हेही मुलांपासून लपवू नये.

गोदीत आज गाळ साचला आहे, म्हणून तिथे मुलांना मोकळे सोडणे धोक्याचे ठरेल. तरी काठावर माहितीफलक, उभे राहण्यापुरता कठडा आणि किल्ल्याच्या दारात त्या दिवसाच्या ओहोटीची वेळ, एवढी सोय पुरातत्त्व आणि पर्यटन विभागांनी करावी. शाळांनीही सहल आखताना आधी ओहोटीची वेळ विचारावी आणि किल्ल्यातला तासभर कमी करून गिर्येला जावे.

आपला,
एक शिक्षक
ता. अचलपूर, जि. अमरावती