गूळ मिश्रण आणि साखर शुद्ध, ते कसं काय?

जुबैल, सौदी अरेबिया

ती. आई-अण्णांना साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार आणि चि. सोनूला अनेक आशीर्वाद.

आई, इकडं सगळं ठीक आहे. थंडी पडलीय पण रात्रीपुरतीच, आपली सोलापुरी चादर भरपूर होते. गड्ड्याच्या यात्रेचे फोटो दादानं पाठवले ते बघितले, नंदीध्वजाचा व्हिडिओ तर रूममधल्या सगळ्यांना दाखवला. वहिनी, अण्णांच्या गुडघ्याचं काय ते तुम्हीच कळवा, ते स्वतः काही सांगत नाहीत. शेंगा चटणी अजून थोडी शिल्लक आहे, पुरवून पुरवून खातोय. आता पुढचं सगळं सोनूसाठी आहे पण घरात मोठ्यानं वाचा, आईचा गूळ त्यात आहे.

सोनू, तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. आजी म्हणते गूळ चांगला, साखर वाईट, आणि पुस्तकात बघावं तर साखर शुद्ध पदार्थ आणि गूळ मिश्रण, दूधसुद्धा मिश्रण, मग खरं कोणाचं? प्रश्न एकदम बरोबर विचारलास बाळा. फोनवर घाईघाईत सांगून मजा नाही म्हणून लिहायला बसलो.

आधी एक कर, तो तक्ता पाठ करायचं थांबव. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण, त्यात समांगी, विषमांगी, असं खाली खाली फाटे फुटलेलं चित्र डोक्यात राहतंय परीक्षेपुरतं आणि नवीन पदार्थ समोर आला की गाडी अडते. रसायनशास्त्रात शुद्ध म्हणजे आतमध्ये एकाच प्रकारचे कण आहेत एवढंच, चांगलं-वाईट त्यात काही नाही, जालीम विषसुद्धा शुद्ध असू शकतं. साखरेच्या दाण्यात सुक्रोज नावाच्या एकाच साखरेचे रेणू, म्हणजे तिचे बारीकात बारीक कण, जवळपास दुसरं काही नाही, चांगल्या पांढऱ्या साखरेत ९९ टक्क्यांच्या वर. गुळात सुक्रोज आहेच पण ग्लुकोज, फ्रुक्टोज या दुसऱ्या साखरा, थोडं पाणी, खनिजं, उसातनं आलेलं बाकीचं बरंच काही. म्हणून तो मिश्रण. खायला चांगलं काय ते आजीचं आजीला ठरवू दे, पुस्तक त्याबद्दल बोलतच नाहीये.

पण हे ओळखायचं कसं, बघायला तर गुळाची ढेप पण एकसारखीच दिसते. तर डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, वेगळं करून बघायचं. माझं सगळं सांगणं एवढंच आहे, बाकी सगळी उदाहरणं.

आजोबांनी तुला पंढरपूरच्या बाजूला गुऱ्हाळावर नेलं होतं ते आठव. चुलवाणात चिपाडं घालत होते, काहिलीत रस उकळत होता, भेंडीचं चिकट पाणी टाकलं की मळी, म्हणजे रसातली घाण, वर येत होती आणि झाऱ्यानं काढत होते. त्या रसात थर्मामीटर धरला असता तर काय दिसलं असतं सांगतो. सुरुवातीला शंभरच्या आसपास, मग पाणी उडत जाईल तसा आकडा वर वर चढत जातो आणि गूळ उतरवायच्या वेळेला ११५ अंशांच्याही पुढं जातो. आता हेच साध्या शुद्ध पाण्याचं करून बघ, एकदा उकळी फुटली की कितीही जाळ वाढव, आकडा हलत नाही, शेवटचा थेंब उडेपर्यंत तोच. (आपल्याकडं तो शंभरच्या किंचित खाली येईल, साधारण साडेअठ्ठ्याण्णव, कारण सोलापूर समुद्रापासून साडेचारशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे आणि तिथं हवेचा दाब कमी.) शुद्ध पदार्थाला स्वतःचा ठरलेला उत्कलनबिंदू, म्हणजे उकळायचं तापमान, असतो, मिश्रणाचा उकळता उकळता बदलत जातो. गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्याला, हे पुस्तकातनं कधी कुणी शिकवलेलं नसतं, तो बुडबुडे बघून आणि पाण्यात पाकाची गोळी टाकून ओळखतो, पण तो ओळखतो ते हेच.

साखर कारखान्यात पण तोच रस येतो, आत्ता हंगाम चालू आहे, रस्त्यानं ट्रॉल्या बघतच असशील. तिथं रसात चुना टाकतात, गंधकाचा धूर सोडतात, गाळ खाली बसवतात, मग पाणी उडवतात, तेसुद्धा हवेचा दाब कमी करून, म्हणजे कमी तापमानाला उकळतं आणि साखर करपत नाही. आणि मग खरी कमाल होते. रस घट्ट झाला की स्फटिक धरायला लागतो आणि स्फटिक वाढताना सुक्रोजच्या रेणूशेजारी सुक्रोजचाच रेणू बसतो, दुसऱ्या कुणाला त्या रांगेत नीट जागाच मिळत नाही, बाकी सगळे बाहेरच्या काळ्या पाकात राहतात. मग गरागरा फिरणाऱ्या जाळीच्या ड्रममध्ये घातलं की पाक बाहेर फेकला जातो, दाणे आत राहतात. तो पाक म्हणजे मोलॅसिस. गुऱ्हाळात ही फारकत होतच नाही, मळी सोडली तर रसातलं बहुतेक सगळं ढेपेतच राहतं. रस एकच, ऊस एकाच शेतातला, पण एकीकडं वेगळं केलं आणि एकीकडं नाही केलं, झाला की नाही फरक?

आता माझं काम. तुला वाटतं काका पाण्याच्या कंपनीत आहे म्हणजे टँकर भरतो. आम्ही समुद्राचं पाणी गोडं करतो. मोकळ्या समुद्रात लिटरमागं ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, इकडच्या आखातात ऊन जास्त, पाऊस कमी, मोठ्या नद्या थोड्याच, त्यामुळं ४० ग्रॅमच्या वर. ग्लासात धरलं तर अगदी नितळ, उजनी धरणाच्या पावसाळी पाण्यापेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतंय, पण तोंडात घालवत नाही. हे समांगी मिश्रण, म्हणजे सगळीकडं एकसारखं, त्यालाच द्रावण म्हणतात. गाळून काही होत नाही, कितीही दिवस ठेवलं तरी तळाला मीठ बसत नाही.

जुन्या पद्धतीच्या प्लांटमध्ये हे पाणी तापवून एकापुढं एक अशा खोल्यांमधनं सोडतात आणि प्रत्येक खोलीत दाब आधीच्यापेक्षा कमी. गरम पाणी कमी दाबात आलं की त्यातलं थोडं एकदम भसकन वाफ होतं. मीठ काही वाफेबरोबर उडत नाही. वर नळ्या असतात, त्यातनं थंड समुद्राचं पाणी चाललेलं असतं, वाफ त्या नळ्यांना लागली की थेंब होऊन खाली पन्हाळीत. नवीन पद्धतीत तापवायची भानगडच नाही, हवेच्या दाबाच्या साठ-सत्तर पट दाब देऊन पाणी एका बारीक पडद्यातनं ढकलायचं, पाणी पलीकडं जातं, क्षार जवळपास सगळे अलीकडं. आपल्या घरच्या आरओमध्ये पण हेच, फक्त तिथं दाब फारच कमी लागतो कारण क्षार कमी.

दोन्ही पद्धतीत एक गोष्ट नीट बघ, पाण्याचा रेणू कुठंच तुटला नाही. एच-टू-ओ होता, एच-टू-ओ राहिला, मीठ होतं ते मीठच राहिलं. मिश्रणातले घटक आपापले गुण धरून असतात म्हणून असं वेगळं करता येतं. पाण्यातनं हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढायचा तर उकळून, गाळून, दाबून होणार नाही, वीज सोडून रेणू फोडावा लागतो, १८०० साली इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी तसंच फोडलं. तेव्हा पाणी हे संयुग, म्हणजे मूलद्रव्यं एकमेकांना जोडून झालेला नवा पदार्थ. आणि संयुगात प्रमाण ठरलेलं. ९ ग्रॅम पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजन, ८ ग्रॅम ऑक्सिजन, मग ते पाणी हिप्परग्याच्या तळ्यातलं असो की या आखातातलं. १ ला १६ झालं तर ते पाणी राहतच नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखम धुवायला मेडिकलमध्ये मिळतं त्यातलं. याउलट शेंगा चटणीत आई लसूण जास्त घालते, शेजारच्या काकू तिखट जास्त घालतात, दोन्ही शेंगा चटणीच. मिश्रणाला प्रमाणाचं बंधन नाही.

मीठ घे ना. सोडियम हा धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो, क्लोरीन विषारी वायू, आणि दोघं एकत्र आले की आपण भाजीत घालतो. गुण सगळे नवे. आता तू हुशार आहेस म्हणून सांगतो, पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलेलं असतं म्हणजे त्यात थोडं पोटॅशियम आयोडेट मिसळलेलं असतं, म्हणजे काटेकोर बघितलं तर पाकिटातलं मीठ मिश्रण. परीक्षेत मात्र मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड धरून संयुगच लिही.

मूलद्रव्यांची गोष्ट मला सगळ्यात आवडते. फ्रान्सचा शास्त्रज्ञ लाव्हाझिए, त्यानं १७८९ साली मूलद्रव्यांची यादी छापली, ३३ नावं, त्यात ऑक्सिजन, हायड्रोजन, गंधक, सोनं होतंच, पण प्रकाश आणि उष्णता पण होती, आणि चुना पण होता! आपल्या पानाला लावतो त्याच जातीचा चुना. कारण तोपर्यंत कुणालाही चुना फोडता आला नव्हता आणि जे फुटत नाही ते मूलद्रव्य, असं त्यानं सरळ ठरवलं होतं. पुढं १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीनं विजेच्या मदतीनं त्यातनं कॅल्शियम काढून दाखवलं आणि चुना यादीतनं बाहेर. आज यादीत ११८ आहेत. म्हणजे शास्त्रज्ञांनी पण चौकटीत नावं भरत बसून ठरवलं नाही, फोडून बघितलं, तेव्हा ठरलं.

आणि हाच चुना आमच्या कामाला येतो. एवढा खटाटोप करून जवळपास शुद्ध पाणी हातात आलं की आम्ही ते तसंच गावाला सोडत नाही. ते बेचव लागतं आणि लोखंडी पाइप खातं. म्हणून त्यात चुना आणि कार्बन डायऑक्साइड देऊन थोडे क्षार परत मिसळतात, जंतू होऊ नयेत म्हणून क्लोरीनचा डोस, आणि मगच ते नळाला. म्हणजे नळाला येतं ते परत मिश्रण, आणि प्यायला तेच बरं.

राहिलं दूध. पुस्तकात कलिल म्हटलंय ते हेच, म्हणजे बारीक कण विरघळतही नाहीत आणि खालीही बसत नाहीत असं मिश्रण. रात्री लाइट बंद करून काचेचे तीन ग्लास घे, एकात मीठ विरघळलेलं पाणी (खडेमीठ मिळालं तर गाळून घे), दुसऱ्यात पाणी आणि दुधाचे दोन-चार थेंब, तिसऱ्यात खडूची पूड ढवळून. बाजूनं मोबाइलचा टॉर्च मार, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातनं. मिठाच्या पाण्यात उजेडाची रेघ दिसणार नाही, दुधाच्या पाण्यात स्पष्ट दिसेल कारण दुधातले स्निग्ध पदार्थांचे थेंब आणि प्रथिनांचे कण उजेड विखुरतात, खडूचं थोड्या वेळानं खाली बसेल. द्रावण, कलिल, निलंबन, तिन्ही एका रांगेत. दुसरं, काळ्या स्केचपेनचा ठिपका फिल्टर पेपरच्या पट्टीवर देऊन खालचं टोक पाण्यात बुडव, ठिपका पाण्याच्या वर राहू दे. काळ्यातनं कोणकोणते रंग निघतात ते मी आत्ता सांगत नाही.

आजीचा पितळी तांब्या पण मिश्रणच बरं का, तांबं आणि जस्त, आणि तिच्या पाटल्यांवर ९१६ असेल तर हजारात ९१६ भाग सोनं, उरलेलं तांबं-चांदी वगैरे. हे घन द्रावण. हवा पण मिश्रणच, हे तर तुला माहितीच आहे.

एक तेवढं शेंगा चटणीचं कर. चमचाभर चटणी कोमट पाण्यात टाकून ढवळ आणि थांब. पाणी खारट होईल, दाण्याचा कूट बराचसा खाली बसेल आणि वर तेलाचे लालसर थेंब तरंगतील, कारण मिरचीचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. काय काय वेगळं झालं आणि कशामुळं झालं ते वहीत लिहून फोटो पाठव, शुक्रवारी माझी सुट्टी असते तेव्हा व्हिडिओ कॉलवर बोलू. वहिनी, एवढ्यासाठी चमचाभर चटणी गेली म्हणून तिला रागावू नका.

दादा, पैसे सोमवारी पाठवलेत, आले का ते कळव. अण्णांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. आईला सांगा मार्चमध्ये रजा मिळतीय असं दिसतंय, नक्की झालं की लगेच फोन करतो.

सगळ्यांना नमस्कार.

सोनूचा,
काका