‘रिजूव्हनेट’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

‘रिजूव्हनेट’ला नेमका मराठी शब्द कोणता, असं विचारलंस. उत्तर शब्दाच्या पोटातच आहे. ‘रि’ म्हणजे पुन्हा, आणि पुढचा भाग लॅटिन ‘युव्हेनिस’वरून आलाय, म्हणजे तरुण. आपल्या ‘युवा’, ‘यौवन’चं हे सख्खं चुलत भावंड. तेव्हा वस्तू नवी करणं हा त्याचा अर्थ नाही. जुन्याच जिवाला गेलेला जोम परत मिळणं, हा आहे.

म्हणून परवान्याला हा शब्द लावू नकोस. परवाना ‘रिन्यू’ होतो, त्याची मुदत वाढते. तिथे ‘नूतनीकरण’ चपखल बसतं. घराच्या ‘रेनोव्हेशन’लाही आपण तेच म्हणतो. घोळ होतो तो तेच लेबल ‘रिजूव्हनेट’ला चिकटवल्यावर. ‘त्वचेचं नूतनीकरण’ मला अजिबात पटत नाही. त्वचेला टवटवी येते, तुकतुकी येते.

माळीकामात हा अर्थ डोळ्यांनी दिसतो. जुन्या, बुंध्यातून अनेक फांद्या आलेल्या झुडपाची ‘रिजूव्हनेशन प्रूनिंग’ करताना सगळ्यात जुन्या, जाड अशा साधारण एकतृतीयांश फांद्या जमिनीलगत कापतात. पुढच्या वर्षी तेवढ्याच, तिसऱ्या वर्षी राहिलेल्या जुन्या. तळातून नवे धुमारे फुटतात. नुसते शेंडे छाटले तर वर गर्दी होते आणि बुंधा उघडाच राहतो. झुडूप तेच, मुळं तीच, जोम मात्र नवा! इथे ‘पुनरुज्जीवन’ शोभतं. भूगोलातही तेच: जमीन उचलली गेली किंवा समुद्रपातळी खाली गेली, की वृद्धावस्थेतली नदी पुन्हा जोराने तळ कापू लागते. तिलाही पुनरुज्जीवित नदी म्हणतात.

इंग्रजीत वापरताना एक सांभाळ. हे क्रियापद सहसा सकर्मक असतं. ‘द रेस्ट रिजूव्हनेटेड मी’ बरोबर, पण ‘आय रिजूव्हनेटेड’ अर्धवट. कोणाला, ते राहूनच जातं. मराठीत ‘मी ताजातवाना झालो’ला कर्म लागत नाही, त्यामुळे ही चूक सहज होते. स्वतःबद्दल ‘आय फील रिजूव्हनेटेड’ म्हण. पुढे ‘अगेन’ नको, ‘रि’मध्ये ते आलंच. उच्चारताना जोर ‘जू’वर.

तुझ्या वाक्यात सुटीहून परतलेला माणूस आहे, तर ‘सुटीने त्याला नवी उभारी आली’ असं लिही. ‘कायाकल्प’ घ्यायचा मोह होईल, पण त्यात माणूस आमूलाग्र बदलतो. आठवडाभराच्या सुटीला तो शब्द फार मोठा होतो.

तुझा,
मिलिंद